शिपायांचीं कुटुंबें आणि नागरिकांचें कर्तव्य

शिपाई रणांगणावर गेला म्हणजे त्याच्या कुटुंबाचा भार कोणीं वाहावयाचा? या प्रश्नाचें उत्तर कोल्हापुराजवळील वळिवडे गांवानें देऊन ठेविलें आहे. १९४३ ते १९४८ या काळांत तेथें सुमारें ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुलें व वृद्ध. कित्येकांचे कर्ते पुरुष पोलिश सैन्यांत लढत होते. जागा कोल्हापूर संस्थानांत मिळाली; खर्च लंडनमधील पोलिश सरकारनें उचलला. परंतु केवळ अन्नवस्त्रावर कोणी थांबलें नाहीं. पोलिश रेड क्रॉसच्या किरा बनासिन्स्का प्रभृतींनीं व खुद्द निर्वासितांनीं झटून शाळा, रुग्णालय, बालवीर पथकें चालविलीं. मुलें परमुलखांत मातृभाषेंत शिकलीं. ही भिक्षा नव्हे, हा मानाचा सांभाळ होय.

हें ऋण एकतर्फी नव्हतें. ज्या इटलींत १९४४ सालीं पोलिश पलटणी लढल्या, तेथेंच त्या वर्षीं १० जुलै रोजीं नाईक यशवंत घाडगे धारातीर्थीं पडले.

आतां सातपूरकरांस आमचा रोकडा सवाल आहे. देवळालीची छावणी आपल्यापासून दूर नाहीं. परप्रांतांतून येणाऱ्या शिपायाच्या मुलांस मराठी मुलूख परकाच वाटावयाचा. सरकार निवारा देईल, वेतन देईल. शेजारधर्म कोठून देणार? तो नागरिकांनींच पाळावयाचा. वर्षांतून एकदां ध्वजवंदन करून ही फेड होत नाहीं. आपल्या शाळांनीं व मंडळांनीं त्या मुलांस मराठी शिकविण्याचें काम तरी अंगावर घ्यावें.