नववीच्या दारात

आमच्या नाहूरला २००६ साली रेल्वे स्टेशन झाले. पुढे टॉवर उभे राहिले आणि त्यांच्यामागोमाग शाळांची चर्चा आली. प्लॅटफॉर्मवर दोन पालक भेटले की, "कोणत्या बोर्डाला घातलेत?" महानगरपालिकेच्या शाळेचे नाव घ्या, समोरचा विषय बदलतो.

संसार सांभाळून पुन्हा कॉलेजात आलेली मीही एक पालक. मुलगी आठवीत आहे. पंचवीस टक्के राखीव जागांच्या लॉटरीत तिला पहिलीत खाजगी विनाअनुदानित शाळा मिळाली. पण २००९ चा शिक्षणहक्क कायदा आठवीपर्यंतच सोबत करतो. माध्यमिक शिक्षण खरे सुरू होते तिथेच हक्क संपतो. आता नववीची फी भरा, नाहीतर दाखला काढा!

त्या शाळेने मुलीला पुष्कळ दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. ती परक्या माणसाशी इंग्रजीत न अडखळता बोलते. पण दहावीच्या शंभर टक्के निकालाचा डांगोरा मला पटत नाही. फी हीच तिथली चाळणी असते. पालिकेच्या शाळेला मूल नाकारता येत नाही. मग दोघींचे निकाल एका तराजूत कसे घालायचे?

आपल्या नाक मुरडण्यातही गंमत आहे. पालिकेने काही शाळांत केंद्रीय बोर्ड आणले, 'मुंबई पब्लिक स्कूल' असे नाव दिले, तर प्रवेशाला ही गर्दी! २०२१ साली तिथेही लॉटरी काढावी लागली. म्हणजे तिरस्कार पालिकेचा नव्हताच. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनेच नियम काढला, की जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला राखीव जागांचे बंधन नाही. जुलैत उच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण सरकारच्या मनात काय आहे ते कळले.

गेल्या महिन्यात मुलीला घेऊन पालिकेच्या माध्यमिक शाळेत गेले. भिंतींचा रंग उडालेला, वर्ग भरलेला. गणिताच्या बाईंनी तिची वही मागून घेतली, चार पाने चाळली आणि म्हणाल्या, "अपूर्णांक कच्चे आहेत हो हिचे." आठ वर्षांत हे मला कोणी सांगितले नव्हते. प्रगतिपुस्तकात श्रेणी नेहमीच उत्तम!

दाखल्याचा अर्ज लिहून ठेवला आहे. मुलीला अजून सांगितलेले नाही.