बुडापेस्टमधला एक दगड

मुलाकडे युरोपात गेलो असताना दोन दिवस बुडापेस्टला राहिलो. हंगेरीच्या या राजधानीत गाईडबरोबर पायी फिरण्याचा एक कार्यक्रम होता, त्यात नाव नोंदवले. गाईडबाई पूर्वी शाळेत इतिहास शिकवत असत. खरे सांगायचे तर मला शहराच्या इतिहासापेक्षा ‘आपले’ काय उरले आहे, एवढेच पाहायचे होते. या शहरावर जवळजवळ दीडशे वर्षे उस्मानी तुर्कांची सत्ता होती, हे मी वाचून गेलो होतो.

सुरुवात मनासारखी झाली. डॅन्यूबच्या पेस्टकडच्या काठावर, एलिझाबेथ पुलाजवळ एक जुने चर्च आहे. तुर्की अमलात त्याची मशीद झाली होती. आज तिथे पुन्हा ख्रिस्ती प्रार्थना होते, पण वेदीजवळच्या भिंतीतला मिहराब अजून जागेवर आहे. पूल ओलांडला की बुडाच्या बाजूला रुदाश हे सोळाव्या शतकातले हमामखाने लागते. घुमटाखालच्या अष्टकोनी हौदात लोक आजही गरम झऱ्याच्या पाण्यात बसतात. बाईंनी सांगितले की सपातेला हंगेरियन भाषेत ‘पापुच’ म्हणतात आणि तो शब्द तुर्कांकडून आला. मला आपला पायपोस आठवला. दोन्ही शब्दांचे मूळ एकच, फारसी. माझी छाती फुगली.

मग आम्ही किल्ल्याच्या टेकडीवर मात्याश चर्चपाशी आलो आणि बाईंचा सूर बदलला. १५२६ साली मोहाचच्या लढाईनंतर सुलतान सुलेमानच्या फौजेने बुडा लुटले. मात्याश राजाच्या ग्रंथालयातले ग्रंथ इस्तंबूलला गेले. असंख्य माणसे गुलाम म्हणून नेली गेली. १५४१ मध्ये शहर कायमचे ताब्यात घेतल्यावर याच चर्चची मोठी मशीद झाली. मी अस्वस्थ झालो. घुमट आणि मिहराब माझे म्हणायचे, तर ही लूट कोणाची? एक स्वीकारून दुसरे नाकारता येईल का?

बाई तिथेच थांबल्या नाहीत. २ सप्टेंबर १६८६ रोजी ख्रिस्ती फौजांनी बुडा परत जिंकले, तेव्हा शहरातल्या मुसलमानांची आणि त्यांच्या बाजूने लढलेल्या यहुद्यांची कत्तल झाली, हेही त्यांनी त्याच स्वरात सांगितले. आपल्या लोकांनी केले म्हणून आवाज खाली आणला नाही.

शेवटी टेकडीच्या उत्तर टोकाला झाडांखाली एका दगडापाशी आम्ही थांबलो. दगडावर पगडी कोरलेली आहे. बुडाचा शेवटचा तुर्की सुभेदार अब्दुर्रहमान पाशा शहर पडले त्या दिवशी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, इथेच जवळपास लढता लढता मारला गेला. तो शूर शत्रू होता, त्याला शांती लाभो, अशा अर्थाचा मजकूर हंगेरियन आणि तुर्की अशा दोन्ही भाषांत आहे. हा दगड १९३२ साली बसवला तो तुर्कांनी नव्हे. त्याच दिवशी त्याच ठिकाणी पडलेल्या ग्योर्गी साबो या हंगेरियन सैनिकाच्या वंशजांनी बसवला. मी फातिहा पढलो, पाशासाठी आणि साबोसाठीही दुआ मागितली.

शत्रूला सन्मानाने मूठमाती देणे आपल्याला परके नाही. अफजलखानाचे दफन शिवाजी महाराजांनी इतमामाने करवले, असे मराठी परंपराच सांगते. प्रतापगडाच्या पायथ्याची ती कबर अनेक वर्षे वादात आहे, हे मात्र दुःखद आहे. आज इतिहासाच्या नावाने आपल्याकडे इतका गोंधळ आहे की कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही.

मला वाटते, जुना अन्याय विसरा असे कोणी कोणाला सांगू नये. बाई काहीच विसरल्या नव्हत्या, म्हणून त्यांचे ऐकावेसे वाटले. आपण मुसलमानांनीही आपल्या बादशहांच्या इमारती दाखवताना त्यांनी केलेले जुलूम गाळू नयेत. तसे केले तरच आपल्यावर झालेला अन्याय आपण दुसऱ्यांना सांगू शकू, आणि ते ऐकतील. मी ‘आपले’ शोधायला गेलो होतो. साबोचे घराणेही मला आता त्यातलेच वाटते.