तळपद्यांना जादूगार करू नका

रावेतच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड परत आला: १८९५, गिरगाव चौपाटी, शिवकर बापूजी तळपदे, 'मरुत्सखा', वेदातलं विमान, १५०० फूट उंच. खाली नमस्कारांची रांग.

मी चाकणला क्वालिटीत आहे. आमच्याकडे साधा बुश पास करायलाही मापांची शीट लागते. या उड्डाणाचं एक माप नाही, फोटो नाही. राइट बंधूंचं १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण जेमतेम १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. पण त्याचा फोटो आहे, आणि त्याआधी १९०१ मध्ये हवेचा बोगदा बांधून त्यांनी पंखांचे नमुने तपासले होते.

"पुरावे इंग्रजांनी दडपले," एक काका लिहितात. मग 'वैमानिक शास्त्र' पुढे करतात. ते सुब्बराय शास्त्रींनी विसाव्या शतकात सांगून उतरवून घेतलेलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये ते तपासलं: ग्रंथ प्राचीन नाही, त्यातली विमानं उडणारी नाहीत. तरी २०१५ ला मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच!

माझा राग तळपद्यांवर नाही. त्या काळातला एक मुंबईकर स्वतः विमान बनवायला बसतो, हेच केवढं भारी आहे. ते फसलं असेल तर कशामुळे, ताकद कमी पडली की पंख चुकले, हे मला कळायला हवंय. 'ऋषींचं ज्ञान' म्हटलं की तो प्रश्नच विचारता येत नाही.

हे ग्रुपवर टाकलं. काकांचा रिप्लाय आला: "बाळा, तू नक्की कुणाच्या बाजूचा?"

"तळपद्यांच्या," मी लिहिलं.