टर्बो निवडण्याआधी हवा मोजा

एनसीआरमधल्या नियमामुळे दहा वर्षे पूर्ण झालेल्या डिझेल गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. गाझियाबादची 'यूपी १४' पाटी घेऊन अशी गाडी आपल्या गॅरेजात आली, की नवा मालक हमखास म्हणतो, "मोठा टर्बो टाका, पिकअप वाढू द्या." त्याला उत्तर द्यायचे तर टर्बोच्या पाटीवरचे आकडे वाचता आले पाहिजेत.

मानेसर आणि रांजणगावला बनलेले १२४८ सीसीचे डिझेल इंजिन आपल्यापैकी बहुतेकांनी खोलले आहे. साध्या टर्बोवर ते ७५ पीएस देई, व्हेरिएबल जॉमेट्रीच्या टर्बोवर ९०. टॉर्क मात्र १९० वरून जेमतेम २०० न्यूटन मीटरवर गेला. वाढ मिळाली ती मुख्यतः वरच्या आरपीएमला.

म्हणून हिशेब इंजिनापासून सुरू करा. ४००० आरपीएमला हे इंजिन मिनिटाला सुमारे २.५ घनमीटर जागा भरते. मॅनिफोल्डमध्ये २.२ बार निरपेक्ष दाब, इंटरकूलरनंतर ६० अंश तापमान आणि सिलिंडर ९० टक्के भरतात असे धरले, तर मिनिटाला ५.२ किलो, म्हणजे साधारण साडेअकरा पौंड हवा लागते. ही हवा आणि दाबाचे गुणोत्तर घेऊन कॉम्प्रेसर मॅपवर बिंदू मांडा. मग २००० आरपीएमचा बिंदूही मांडा. तो सर्ज रेषेच्या डावीकडे पडला, तर टर्बो या इंजिनाला मोठा आहे.

ट्रिमचा आकडा एकटा वाचू नका. गॅरेटच्या जीटी२८६०आरएसचा इन्ड्यूसर ४७.२ मिमी, एक्स्ड्यूसर ६०.१, भागाकाराचा वर्ग गुणिले शंभर, ट्रिम ६२. जीटी२८७१आरचे ५३.१ आणि ७१ घेतले तर ट्रिम ५६ येते. आकडा लहान, पण चाक मोठे आणि हवाही जास्त. टर्बाइन हाउसिंगचा ए/आर लहान असेल तर बूस्ट लवकर येतो, पण वरच्या आरपीएमला एक्झॉस्ट कोंडतो. गाझियाबादच्या गर्दीत लहान ए/आर बरा. शेजारच्या ग्रेटर नोएडातल्या बुद्ध सर्किटवर पळणाऱ्या गाडीला मोठा लागेल.

गावही विचारात घ्या. गाझियाबाद समुद्रसपाटीपासून दोनशेएक मीटरवर आहे. तिथे जानेवारीतल्या ५ अंशांच्या तुलनेत मे महिन्यातल्या ४५ अंशांना हवा सुमारे एक अष्टमांश विरळ होते. तीच गाडी महाबळेश्वरचा घाट चढून साडेतेराशे मीटरवर गेली, की मॅनिफोल्डमधला दाब तोच ठेवण्यासाठी गुणोत्तर सुमारे २.२५ वरून २.५५ वर जाते आणि चाकाला जास्त वेगाने फिरावे लागते. सपाटीवरच मॅपच्या कडेला चालणारा टर्बो घाटात वेगमर्यादा ओलांडतो आणि बेअरिंगे खातो.

शेवटी कायद्याचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच बजावले. तेव्हा रस्त्यावरच्या गाडीला मूळ पार्ट नंबरचाच टर्बो बसवा आणि फुटलेला होज, तुंबलेला इंटरकूलर, काजळीने अडकलेल्या व्हेन आधी तपासा. मोठा टर्बो फक्त ट्रॅकच्या गाडीला, आणि तोही मॅपवर दोन्ही बिंदू मांडून झाल्यावरच.