दगडाचे वय आणि पुराव्याची शिस्त

सोलापूर-धुळे महामार्गावरील चौसाळा आणि त्याभोवतीचा बालाघाटचा परिसर काळ्या कातळावर उभा आहे. बीड जिल्ह्याची जवळजवळ सारी भूमी लाव्ह्याच्या थरांनी घडलेली असून त्या थरांचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे आहे, हे वाक्य विद्यार्थी पाठ करतो आणि उत्तरपत्रिकेत लिहून मोकळा होतो. पण हे वय मोजले कशाने आणि ते खरे कशावरून, हे प्रश्न वर्गात क्वचितच निघतात. उत्तर ठाऊक आहे, परंतु पुरावा ठाऊक नाही, अशा स्थितीला ज्ञान म्हणावे काय?

बालाघाटात उगम पावणारी मांजरा या बाबतीत उत्तम शिक्षिका ठरावी. काळ्या कातळात जन्मलेली ही नदी गोदावरीला मिळते ती देगलूर-बिलोलीच्या बाजूस, ग्रॅनाइटच्या मुलखात. तिकडील ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा. तप्त शिलारस भूगर्भातील जुन्या खडकांत घुसला आणि तेथेच सावकाश थिजला, त्यातून तो घडला. मराठवाड्याच्या काळ्या कातळाखालीही असाच प्राचीन पाया दडलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले, तेव्हा लाव्ह्याचे थर ३३८ मीटरच्या आसपास संपले आणि खाली जुना स्फटिकी खडक लागला.

ग्रॅनाइटचे वय सांगतो तो त्यातील झिरकॉनचा सूक्ष्म स्फटिक. घडताना तो युरेनियम सामावून घेतो, शिशाला मात्र जवळजवळ थारा देत नाही. म्हणून पुढे त्यात सापडणारे शिसे हे युरेनियमच्या ऱ्हासातूनच आलेले असते. युरेनियम-२३८ निम्मे होण्यास ४४७ कोटी वर्षे लागतात, युरेनियम-२३५ ला ७० कोटी. एकाच स्फटिकात भिन्न गतीची दोन घड्याळे! दोन्ही एकच वेळ दाखवीत असतील तर वय विश्वसनीय. न दाखवतील तर स्फटिकाला मध्यंतरी धक्का पोचला, हे उघड होते. साक्षीदाराची उलटतपासणी येथे साक्षीतच अंतर्भूत आहे.

दख्खनच्या लाव्ह्याचे वयही एका झटक्यात ठरलेले नाही. पोटॅशियमपासून निर्माण होणारा आर्गॉन वायू खडक झिजला वा पुन्हा तापला की निसटतो. त्यामुळे आरंभीची वये परस्परांशी जुळत नव्हती. १९८८ मध्ये सुधारित आर्गॉन पद्धतीने दोन गटांना मिळतीजुळती उत्तरे आली. २०१९ मध्ये प्रिन्स्टन व बर्कली येथील गटांनी, एकाने झिरकॉन तर दुसऱ्याने आर्गॉन वापरून, एकूण वयाला पुष्टी दिली. मात्र सर्वांत मोठे उद्रेक नेमके केव्हा झाले, याविषयी त्यांचे मतभेद उरले. विज्ञानाची प्रतिष्ठा अशा मतभेदांनी कमी होत नाही. ते लपविल्याने होते.

दुष्काळी भागातील शेतकऱ्याला या कोट्यवधी वर्षांचे काय, असा आक्षेप कोणी घेईल. दगडाचे वय कळल्याने विहिरीला पाणी लागत नाही, हे खरेच. पण ज्या समाजाला ‘कशावरून?’ असे विचारण्याची सवय नाही, तो पाणाड्याच्या हातातील नारळावर विसंबून कर्ज काढतो आणि कोरड्या विंधन विहिरी खणत राहतो. एवढी छिद्रे पडूनही कोणत्या खोलीवर मुरूम लागला, कोठे तांबडा थर आणि कोठे अभेद्य कातळ, याची नोंद गावात राहत नाही. दगडाचा भुगा वाऱ्यावर जातो.

तो भुगा शाळांनी जतन करावा. गावात विंधन विहीर खोदली जात असता दर दहा फुटांचा नमुना बाटलीत भरून त्यावर खोली, जागा व दिनांक लिहिण्यास अनुदानाची वा शासकीय आदेशाची गरज नाही. एक शिक्षक आणि चार उत्सुक विद्यार्थी पुरेत. काही वर्षांत गावाच्या भूगर्भाचा नकाशा शाळेच्या कपाटात तयार होईल. त्याचा उपयोग पुढच्या विहिरीला होईल. आणि पुरावा हा पुस्तकात छापलेला नसतो, तो गोळा करावा लागतो, हे त्या विद्यार्थ्यांना आयुष्यभर पुरेल.