गिरणीच्या जमिनीवरचा न नोंदलेला बोजा

सोलापुरात १८७७ साली सुरू झालेल्या आणि पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या पहिल्या कापड गिरणीच्या मागोमाग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या भोंग्यांवर बेतलेले आयुष्य या शहराने पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पाडून घेतले. तो उद्योग लयाला गेला. गिरण्यांच्या मागे राहिलेल्या जमिनींच्या भावाची, चटईक्षेत्राची आणि वाटणीची चर्चा ज्या हिरिरीने होते, त्या हिरिरीने, इतक्या दशकांच्या कारखानदारीने त्या मातीत काय मुरवले असेल, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. माझ्या मते तोच प्रथम विचारला पाहिजे आणि त्याचे उत्तर मिळकतपत्रिकेवर नोंदले गेले पाहिजे.

कापसाचा धंदा जमिनीला निरुपद्रवी, असा सर्वसाधारण समज आहे, आणि सूतखाते व साचेखाते यांपुरता तो बराचसा खराही आहे. परंतु गंधकी काळा रंग सुतावर पक्का बसावा म्हणून रंगखात्यात सोडियम डायक्रोमेट वापरण्याची रीत कापड गिरण्यांत दीर्घकाळ होती, आणि त्यातील हेक्झाव्हॅलंट क्रोमियम हे कर्करोगाला कारण होणारे द्रव्य पाण्याबरोबर सहज वाहत जाते. वाफेच्या नळांवर अ‍ॅस्बेस्टॉसचे वेष्टन असे. जुन्या ट्रान्सफॉर्मरांच्या तेलात पीसीबी ही वर्षानुवर्षे न विघटणारी रसायने असत. बॉयलरखालची कोळशाची राख खड्डे बुजवण्याच्या कामी येई, आणि त्या राखेत आर्सेनिकाचा अंश असतो. धुराडे पाडले, पत्रे भंगारात गेले, आवार सपाट झाले, एवढ्याने जमीन निर्मळ होत नाही.

अशा जमिनीच्या परीक्षणाचा आरंभ दप्तरापासून होतो: जुने नकाशे, बॉयलर निरीक्षकांच्या नोंदी, कारखाने निरीक्षकांचे शेरे. त्यानंतर ठरावीक जागी भोके घेऊन निरनिराळ्या खोलीवरची माती आणि भूजल तपासावे लागते. सोलापूरकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात; पहिल्या पावसाचे पाणी त्यांतून थेट खालच्या मुरमात आणि पुढे काळ्या खडकाच्या सांध्यांत उतरते; म्हणून वरच्या वीतभर मातीचा नमुना स्वच्छ निघाला तरी त्यावर दाखला देता येत नाही. शिवाय विष कोठे आहे, ते कोणत्या वाटेने जाते आणि कोणाला बाधते, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. ज्या जागेवर फरसबंद वाहनतळ चालेल, तेथे बालवाडी चालेलच असे नाही.

आणि भोके कोठे घ्यावीत, हे कोण सांगणार? कोणत्या खात्यामागे पिंपे उपडी होत, रंगाच्या पाण्याचा चर कोणत्या अंगाने जाई आणि तो कधी बुजवला, हे बहुधा कोणत्याच नकाशात सापडत नाही. ते रंगखात्यातल्या जॉबरला, बदली कामगाराला ठाऊक असते, आणि ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. त्यांचा जबाब हा या परीक्षणातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर नाहीसा होणारा पुरावा आहे.

दूषित स्थळांसंबंधीचे नियम केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये जारी केले. स्थानिक प्रशासनाने संशयित जागा दर सहा महिन्यांनी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवाव्यात आणि ज्याने जमीन नासवली त्याच्याकडून खर्च वसूल व्हावा, अशी त्यांत तजवीज आहे. मला ती अपुरी वाटते, कारण मंडळाच्या दप्तरातला अहवाल सदनिका घेणाऱ्याच्या हाती पडत नाही. अमेरिकेत लव्ह कॅनॉल येथे एका रासायनिक कंपनीने आपली रसायने पुरलेली जमीन १९५३ साली शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. खाली रसायने असल्याची सूचना त्या खरेदीखतात होती, पण पुढे आसपास घरे घेणाऱ्या कुटुंबांपर्यंत ती पोहोचली नाही, आणि १९७८ साली तेथे आणीबाणी जाहीर करून लोकांना हलवावे लागले. बँकेच्या कर्जाचा बोजा आपण जमिनीच्या अभिलेखावर चढवतो; मातीतल्या विषाचाही तसाच चढवावा, आणि शुद्धीकरणाचा दाखला मिळाल्यावरच उतरवावा.

यात वेळ जाईल आणि पैसा लागेल, हा आक्षेप खरा आहे. परंतु मुंबईत अनेक गिरणी कामगारांना घरे मिळाली ती गिरण्यांच्याच जमिनींवर. तेव्हा येथेही ज्यांच्या फुप्फुसांत गिरणीच्या कापसाचे तंतू गेले त्यांच्याच नातवंडांनी त्या मातीत खेळायचे असेल, तर ती तपासून देणे हे त्यांचे किमान देणे आहे. सोलापूर महानगरपालिकेने गिरणीच्या आवारातला कोणताही बांधकाम नकाशा मृदापरीक्षणाच्या अहवालावाचून मंजूर करू नये, आणि हयात असलेल्या कामगारांचे जबाब याच वर्षी, त्यांना जागेवर नेऊन, नोंदवून घ्यावेत.