बिब्ब्याचा अर्क आणि आपला हट्ट

बिब्बा उततो, हे मराठी घरात कोणाला सांगावे लागत नाही. चरकसंहितेने त्याला रसायन म्हणून गौरविले. रसशास्त्राने त्यालाच उपविषांत बसविले आणि विटेच्या चुऱ्यात तेल शोषवून घेतल्याखेरीज औषधात घेऊ दिले नाही. आज द्रावकाने काढलेला अर्क त्याच ग्रंथांच्या नावावर विकावा, असा काहींचा हट्ट. हा अर्क चरकाने पाहिलाच नव्हता! म्हणून तो उंदरांना एकदा देऊन १४ दिवस, पुढे रोज देऊन ९० दिवस पाहतात. अखेरीस यकृत, मूत्रपिंड तपासतात. मुके जीव जातात, याची खंत असावीच. पण पहिला प्रयोग रुग्णावर करणे ही कुठली अहिंसा? औषध नियमांच्या ई-१ या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत भल्लातक आहेच. चाचणीचा अहवालही उत्पादकांनी वैद्यांपुढे उघडा ठेवावा.